साक्षीदार निवडताना : प्राध्यापकांकडे शिफारसपत्र कसं मागावं

१९२० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनमधले अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना एक पत्र लिहिलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडून, अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला आलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याला संशोधनात मदत करा, अशी विनंती त्यात होती. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबियात शिकत होते आणि सेलिग्मन यांनी त्यांचं काम जवळून पाहिलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण अडलं तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे या मुलासाठी शब्द टाकला होता, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली होती. केळुसकर काही आंबेडकरांच्या शाळेत शिक्षक नव्हते. चर्नी रोडच्या बागेत पुस्तकात बुडालेला हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला, त्याच्याशी त्यांची ओळख वाढली, आणि त्या ओळखीच्या बळावर ते बोलले.

शिफारसपत्राचं सगळं मर्म इथे आहे. ज्यानं पाहिलं आहे, त्यानं जे पाहिलं ते सांगायचं. परदेशी उच्चशिक्षणासाठी अर्ज करणारी आपली मुलं ज्याला ‘एलओआर’ म्हणतात, ती एक साक्ष असते. मार्कशीट आणि ट्रान्स्क्रिप्टसारखाच तोही मिळवायचा एक कागद आहे, असं धरून चाललं की पुढची प्रत्येक पायरी चुकते : माणूस चुकीचा निवडला जातो, वेळ चुकते, आणि हातात येतं ते कुणाच्याही नावावर चालेल असं पत्र. साक्ष म्हणून पाहिलं, तर कोणाला, कधी आणि कसं विचारायचं याची उत्तरं आपोआप सुचू लागतात.

पत्र वाचणाऱ्याला काय हवं असतं

अमेरिकेतल्या बहुतेक एमएस आणि पीएचडी अभ्यासक्रमांना तीन शिफारसपत्रं लागतात. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी दोन पुरतात. भारतातही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी शिक्षकाचं शिफारसपत्र द्यावं लागतं. निवड समितीपुढे तुमचे गुण असतात, तुमचं स्वतःचं निवेदन असतं. पण गुण सगळं सांगत नाहीत. प्रयोग फसला तेव्हा ही मुलगी काय करते? अभ्यासक्रमाबाहेरचा शोधनिबंध दिला तर तो स्वतः वाचून समजून घेतो का? चार जणांच्या गटात काम अंगावर घेतो की दुसऱ्यावर ढकलतो? चूक दाखवली तर ऐकून घेतो का? संशोधनाच्या कामात रोज लागणाऱ्या या गोष्टी जवळून पाहिलेला माणूसच सांगू शकतो.

म्हणूनच ‘हुशार, प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर’ अशा विशेषणांनी भरलेलं पत्र वाचणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. त्याच्या टेबलावरच्या बहुतेक पत्रांत हीच विशेषणं असतात. ‘तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टमध्ये सेन्सरची मोजमापं जुळत नव्हती. बाकीच्यांनी ती वगळली. हिनं दोन आठवडे त्यामागचं कारण शोधलं आणि दोष सर्किटच्या अर्थिंगमध्ये आहे हे मला दाखवून दिलं’, एवढी तीन-चार वाक्यं मात्र वाचणाऱ्याच्या लक्षात राहतात, कारण त्यांतून एक विशिष्ट माणूस दिसतो.

छोटं पत्रही कधी पुरतं. १९४८ साली कार्नेगी टेकचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला पाठवलेलं पत्र जेमतेम काही ओळींचं होतं. विद्यार्थी १९ वर्षांचा आहे, जूनमध्ये पदवीधर होईल, आणि तो गणितातला प्रतिभावंत आहे, एवढाच त्याचा आशय. विद्यार्थ्याचं नाव जॉन नॅश. त्या एका विधानामागे त्याला शिकवलेल्या गणितज्ञाचा अनुभव उभा होता. नाशिक, सोलापूर किंवा रत्नागिरीच्या कॉलेजातल्या शिक्षकाचं नाव परदेशातल्या समितीला बहुधा ठाऊक नसतं. त्यामुळे आपल्या पत्रांना तपशिलांवरच उभं राहावं लागतं. यात कमीपणा नाही. नीट लिहिलेले तपशील अनोळखी शिक्षकाचंही म्हणणं पटवून देतात.

विशेषणांबद्दल आणखी एक गोष्ट मुलींनी आणि त्यांच्या शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अध्यापकपदांसाठी आलेली ३०० हून अधिक शिफारसपत्रं तपासली होती. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीनं आखूड होती, त्यांत शंका निर्माण करणारी वाक्यं जास्त होती, आणि कष्टाळूपणाची स्तुती अधिक होती. आपल्याकडे ‘मेहनती’ ही मोठी शाबासकी आहे. पण पत्रात फक्त मेहनतीचाच उल्लेख असेल, तर बुद्धीबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, असा अर्थ वाचणारा काढू शकतो. म्हणून शिक्षकांना मुद्दे देताना तुम्ही काय शोधलंत, कोणता प्रश्न विचारलात, कोणता निर्णय घेतलात, हे आधी लिहा. किती रात्री जागलात ते राहू द्या.

कोणाकडे मागावं

पहिला मोह हुद्द्याचा होतो. प्राचार्यांचं पत्र, एचओडींचं पत्र, कुणाच्या ओळखीनं कुलगुरूंचं किंवा आमदारांचं पत्र. या मोठ्या लोकांनी तुम्हाला कधी काम करताना पाहिलेलं नसेल, तर त्यांना लिहिण्यासारखं काही उरत नाही, आणि ते वाचणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात कळतं. शिफारसीच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न बहुधा हा असतो : तुम्ही या विद्यार्थ्याला किती काळापासून आणि कोणत्या नात्यानं ओळखता? ‘आमच्या कॉलेजात शिकतो’ या उत्तरानं कुणाचं समाधान होत नाही.

तेव्हा आधी एक कागद घ्या आणि तुमचं काम कुणी कुणी पाहिलं आहे त्यांची नावं लिहा. बीईच्या प्रोजेक्टचे गाइड. ज्यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही जर्नल उतरवून काढण्यापलीकडे काहीतरी केलंत ते सर. ज्यांच्या सेमिनारमध्ये तुमच्या मांडणीवर चर्चा रंगली त्या मॅडम. इंटर्नशिपमध्ये तुमचा कोड किंवा अहवाल ओळ न् ओळ तपासणारे वरिष्ठ. यांतले कुणी सहायक प्राध्यापक असतील, कुणी तासिका तत्त्वावर शिकवत असतील. त्यांनी जवळून पाहिलं असेल, तर त्यांचं पत्र प्राचार्यांच्या कोऱ्या कौतुकापेक्षा मोलाचं आहे.

तीन पत्रांतून तीन बाजू दिसाव्यात हेही पाहा. एक संशोधन किंवा प्रोजेक्टबद्दल, एक वर्गातल्या विषयाबद्दल, एक नोकरी वा इंटर्नशिपबद्दल, अशी वाटणी पुष्कळदा जमते. पीएचडीच्या अर्जात मात्र संशोधन पाहिलेल्यांचा आवाज जास्त हवा. शिक्षक निवृत्त झाले असतील किंवा दुसऱ्या कॉलेजात गेले असतील, तरी ते लिहू शकतात. त्या वेळी आपण कुठे होतो आणि विद्यार्थ्याला काय शिकवत होतो, एवढं त्यांनी पत्रात स्पष्ट करावं.

कधी विचारावं

अमेरिकेतल्या अनेक विभागांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा जानेवारीत संपते. आपल्याकडे नेमक्या त्याच्या अलीकडे दिवाळीची सुट्टी असते, मग सत्र परीक्षा, ओरल्स, आणि उत्तरपत्रिका तपासायला कॅप सेंटरवर ड्यूटी. एखाद्या कॉलेजात त्यातच नॅकची भेट आली, तर शिक्षकांना मान वर करायला फुरसत नसते. अशा वेळी २९ नोव्हेंबरला दारात उभं राहून ‘सर, परवा शेवटची तारीख आहे’ म्हणणाऱ्याला घाईत लिहिलेलं पत्रच मिळणार, आणि तो दोष सरांचा नसेल.

सप्टेंबरमध्ये विचारा. फार तर दिवाळीच्या सुट्टीआधी. चांगल्या पत्राला किमान महिना-दीड महिना मिळायला हवा. तुमचा गाइड पुढच्या वर्षी कॉलेज सोडणार आहे असं कळलं, तर अर्ज करायच्या आधीच बोलून ठेवा. आठवणी ताज्या असताना त्यांनी चार मुद्दे टिपून ठेवले, तर वर्षभरानंतरही पत्र जिवंत राहतं.

कसं विचारावं

शक्य असेल तर समोर जाऊन विचारा. आधी फोन किंवा मेसेज करून वेळ घ्या. दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत, स्टाफरूममध्ये चहा घेताना, चार जणांसमोर हा विषय काढू नका. दूर असाल तर ई-मेल लिहा. व्हॉट्सॲपवर ‘सर एलओआर हवं होतं’ एवढंच टाकणं त्या कामाला आणि त्या माणसाला, दोघांनाही शोभत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा आहे प्रश्नाचा रोख. ‘पत्र द्याल का?’ असं विचारलं की आपल्याकडचा शिक्षक बहुधा हो म्हणतो. विद्यार्थ्याला नाही म्हणणं त्याला जड जातं. पण त्या होकारातून साक्ष मिळेलच याची खात्री नसते. त्याऐवजी ‘माझ्या कामाबद्दल तुम्हाला सविस्तर आणि मनापासून लिहिता येईल असं वाटतं का?’ असं विचारा. यात त्यांना नकाराची वाट मोकळी राहते. ‘मला तुझं काम फारसं आठवत नाही’, ‘दुसऱ्या कुणाकडे गेलास तर बरं’ असं उत्तर आलं, तर त्यांचे आभार माना आणि मागे लागू नका. त्यांनी तुम्हाला एका कोमट पत्रापासून वाचवलेलं असतं, आणि कोमट पत्र हे न मिळालेल्या पत्रापेक्षा जास्त नुकसान करतं.

ई-मेल साधारण असा लिहिता येईल :

‘आदरणीय मॅडम, मी २०२३–२४ च्या बॅचमध्ये तुमच्याकडे वनस्पती शरीरक्रियाशास्त्र शिकले आणि टीवायच्या प्रोजेक्टमध्ये तुमच्या मार्गदर्शनाखाली खारफुटीच्या पानांतल्या मिठाच्या प्रमाणावर काम केलं. पुढच्या वर्षीच्या एमएस प्रवेशासाठी मी पाच विद्यापीठांत अर्ज करते आहे. पहिली मुदत १ डिसेंबर आहे. नमुने गोळा करण्याची पद्धत आपण दोनदा बदलली, ते काम तुम्ही जवळून पाहिलं आहे, म्हणून तुम्हाला विचारते आहे : माझ्याबद्दल सविस्तर शिफारसपत्र लिहिणं तुम्हाला शक्य होईल का? तुमच्या वेळेत बसत नसेल किंवा माझ्या कामाबद्दल पुरेसं लिहिता येणार नाही असं वाटत असेल, तर मोकळेपणानं सांगा. होकार असेल तर सगळी कागदपत्रं आणि तारखांची यादी मी लगेच पाठवते.’

यात कोण, कशासाठी, कधीपर्यंत, तुम्हालाच का आणि नकाराची मुभा, हे पाच मुद्दे आले. एवढं पुरतं. स्तुतीची प्रस्तावना नको.

होकारानंतर काय द्यावं

शिक्षकांच्या हातून दर वर्षी कित्येक विद्यार्थी जातात. तुम्हाला लख्ख आठवणारा प्रसंग त्यांच्या मनात धूसर झालेला असतो. तो आठवून देणं हे तुमचं काम आहे. एकाच फोल्डरमध्ये पुढच्या गोष्टी द्या : गुणपत्रकं, बायोडेटा, निवेदनाचा कच्चा मसुदा, त्यांच्याकडे केलेल्या प्रोजेक्टचा अहवाल, आणि विद्यापीठांची यादी. यादीत प्रत्येक ठिकाणचा अभ्यासक्रम, अंतिम तारीख आणि तिथे पत्रात काही खास विचारलं असेल तर ते लिहा. मुदती तारखेच्या क्रमानं लावा.

याशिवाय एका पानावर मुद्दे लिहा. कोणत्या सत्रात कोणता विषय शिकलात, काय केलंत, कुठे अडलात, कसे सुटलात, त्यांनी कोणती सूचना केली आणि तुम्ही पुढे काय केलंत. फक्त घडलेलं लिहा, विशेषणं त्यांच्यावर सोपवा. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील आणि शिक्षकांना त्याचं कारण ठाऊक असेल, घरातलं आजारपण किंवा शिकत असताना करावी लागलेली नोकरी, तर त्याबद्दल लिहावं का, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. तुम्ही स्वतः दिलेल्या स्पष्टीकरणापेक्षा शिक्षकाच्या एका वाक्याला तिथे जास्त किंमत असते.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’

हे वाक्य महाराष्ट्रातल्या असंख्य विद्यार्थ्यांनी ऐकलं आहे. त्यामागे बहुधा दुष्टावा नसतो. कामाचा बोजा असतो, इंग्रजीत लांब पत्र लिहिण्याचा संकोच असतो, आणि ‘इथे असंच चालतं’ ही सवय असते. पण यात मोठा धोका आहे. तीन शिक्षकांची तीन पत्रं एकाच माणसानं लिहिली की तीच वाक्यरचना, तेच शब्द, तोच सूर तिन्हींत उमटतो, आणि अशी पत्रं वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांना ते ओळखू येतं. शिवाय पत्र विद्यार्थ्यानं लिहिलेलं नसावं, असं अनेक विद्यापीठं स्पष्ट बजावतात. आणि २१-२२ वर्षांच्या विद्यार्थ्याला स्वतःबद्दल शिक्षकाच्या नजरेनं लिहिता येत नाही. तो एक तर फुगवून लिहितो, नाही तर संकोचानं सपाट लिहितो.

अशा वेळी आदरानं दुसरा मार्ग सुचवा : ‘सर, मजकूर तुमचाच असावा असा तिथला नियम आहे. मी सगळे मुद्दे प्रसंगांसह लिहून देतो. तुम्ही मराठीत बोललात तरी चालेल, मी जसंच्या तसं टिपून घेतो आणि तुम्ही त्यावरून पत्र तयार करा.’ अनेक शिक्षक याला तयार होतात, कारण त्यांची खरी अडचण सुरुवात करण्याची असते. साध्या इंग्रजीतलं, छोट्या वाक्यांचं, पण त्यांच्या स्वतःच्या निरीक्षणांचं पत्र हे घोटून गुळगुळीत केलेल्या पत्रापेक्षा कधीही श्रेष्ठ.

कन्सल्टन्सीकडून पत्र लिहून घेणं आणि शिक्षकाच्या नावानं खोटा ई-मेल उघडून ते स्वतःच अपलोड करणं हा सरळ सरळ खोटेपणा आहे. उघडकीला आला तर प्रवेश रद्द होऊ शकतो, अगदी शिक्षण सुरू झाल्यानंतरही. त्याहून वाईट म्हणजे त्या कॉलेजातून पुढे येणाऱ्या प्रामाणिक मुलांच्या पत्रांवरही संशय बसतो.

पोर्टल, ई-मेल आणि गोपनीयता

आता बहुतेक ठिकाणी पत्र ऑनलाइन जातं. अर्जात तुम्ही शिक्षकाचं नाव, हुद्दा आणि ई-मेल भरता. विद्यापीठाकडून त्यांना एक लिंक जाते. ती उघडली की तुमच्याबद्दलचे प्रश्न असतात, काही ठिकाणी तुम्ही त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी वरच्या किती टक्क्यांत बसता हेही विचारतात, आणि शेवटी सहीचं पत्र लेटरहेडवर पीडीएफ करून जोडायचं असतं.

इथे दोन अडचणी नेहमी येतात. लिंक स्पॅममध्ये जाते, म्हणून ती पाठवली त्या दिवशीच शिक्षकांना कळवा. दुसरी अडचण ई-मेलची. विद्यापीठांना संस्थेचा अधिकृत पत्ता हवा असतो, आणि आपल्या कित्येक कॉलेजांत शिक्षक अजून खासगी जीमेलच वापरतात. कॉलेजच्या डोमेनवर पत्ता मिळतो का, हे शिक्षकांना होकार मिळताच विचारायला सांगा. तो मिळणं शक्यच नसेल, तर विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला आधी लिहून काय चालेल ते विचारून घ्या. महाविद्यालयांनीही हे मनावर घ्यावं. प्रत्येक शिक्षकाला अधिकृत ई-मेल देण्याचा खर्च नगण्य आहे, आणि तो नसल्याचा भुर्दंड विद्यार्थी भरतात.

अमेरिकी अर्जात आणखी एक प्रश्न मुलांना गोंधळात टाकतो : पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? १९७४ सालच्या, ‘फर्पा’ या संक्षिप्त नावानं ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानं तिथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. शिफारसपत्रांपुरता तो हक्क स्वेच्छेनं सोडता येतो, आणि बहुतेक सल्लागार तो सोडायलाच सांगतात. विद्यार्थी पाहणार नाही हे ठाऊक असलं की शिक्षक मोकळेपणानं लिहितात आणि वाचणारा त्यावर जास्त विश्वास ठेवतो. शिक्षकांनी आपणहून पत्र दाखवलं तर त्याला आडकाठी नाही. तुम्ही मात्र ते मागू नये.

मुदतीच्या आठवडाभर आधी एक आठवण करा, दोन दिवस आधी दुसरी. दोन्ही वेळा नम्रपणे, लिंक पुन्हा जोडून. आठवण करून दिल्याचा राग येत नाही, शेवटच्या रात्री अकराला आलेल्या फोनचा येतो.

कुणीच ओळखत नसेल तर

सत्तर जणांच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, गावाहून रोज एसटीनं येणाऱ्या, तास संपताच घर गाठणाऱ्या मुलाला हा लेख वाचून वाटेल की आपल्याला ओळखणारं कुणीच नाही. घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलांची ही अडचण खरी आहे. त्यांना हे आधी सांगणारंच कुणी नसतं. त्यांनी दुसऱ्या वर्षापासून एवढंच करावं : आवडता एक विषय निवडावा, त्यातला न समजलेला किंवा जास्त जाणून घ्यावासा वाटलेला प्रश्न घेऊन शिक्षकांना तासानंतर भेटावं, त्यांनी सुचवलेलं वाचावं आणि वाचल्यावर परत जावं. परत जाणं महत्त्वाचं. बहुतेक विद्यार्थी एकदा विचारतात आणि गायब होतात. जो परत येतो, त्याच्यासाठी शिक्षकाकडे पुढच्या वेळी एखादं छोटं काम असतं, आणि त्या कामातून सांगण्यासारखं काहीतरी तयार होतं. तिसऱ्या वर्षाअखेर तुमच्याकडे एक खरा साक्षीदार असतो. हे ओळख वाढवण्याचं नाटक नव्हे. विषयाची खरी ओढ नसेल तर ते फार टिकतही नाही.

निकाल आला की, होकार असो वा नकार, शिक्षकांना कळवा. प्रवेश मिळाला तर जाऊन भेटा, पेढे द्या. नाही मिळाला तरी सांगा, कारण पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे पुन्हा जायचं आहे. आणि तिथे पोहोचल्यावर मन लावून काम करा. सांगली किंवा परभणीच्या शिक्षकानं ज्या विद्यार्थ्याबद्दल लिहिलं तो खरोखर तसाच निघाला, हे ज्या विभागाला अनुभवानं कळतं, तो विभाग त्या शिक्षकाचं पुढचं पत्र जास्त विश्वासानं वाचतो. त्या पुढच्या पत्रावर तुमच्याच कॉलेजातल्या, तुमच्यानंतरच्या एखाद्या मुलीचं नाव असेल. तिचा अर्ज सोपा करण्याचं काम तुमच्या हातात आहे.